पांढरी पाचमधली गाडी

गाडी बंद पडली की गॅरेजमध्ये आपल्याला मान मिळतो. कुणीतरी स्टूल पुढे करतं, पाणी विचारतं. पण गाडी चालते आहे, ब्रेक लागतो आहे, एसी गार आहे आणि तरी आपण "स्पीकरमधून बारीक गुणगुण येते" अशी तक्रार घेऊन गेलो, की समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग आपल्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे. त्या गिऱ्हाइकाचा क्लच गेलेला असतो. त्याचं दुःख खरं असतं.

बाहेरच्या आवाजासाठी निदान कायदा आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा कागदावर आली. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी मंडप आणि भोंग्यांविरुद्ध जनहित याचिका चालवली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून सविस्तर निकाल मिळवला. आता तो निकाल ढोलताशांना आणि डीजेला कितपत ऐकू गेला, हे ठाणेकरांनी सांगावं. माझ्या गाडीच्या डाव्या दारातून येणारा आवाज मात्र कुठल्याच मर्यादेत बसत नव्हता. तो मोजण्याइतका मोठा नव्हता. फक्त थांबत नव्हता.

गाणं रंगात असलं की तो खाली दबून राहायचा. दोन ओळींमधली जागा आली, पेटीवाल्याने हात उचलला, निवेदक श्वास घ्यायला थांबला, की हा वर. जाडसर, कडा खरखरीत असलेला, एकसुरी. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी तो तितकाच यायचा. मुळात डोंबिवलीहून ठाण्याला गाडीने जायचं ते कशासाठी? लोकल अर्ध्या तासात पोचवते. गाडीने काटई नाक्याला एक, शिळफाट्याला दुसरी आणि खारेगावला तिसरी अशी रखडपट्टी ठरलेली. मेट्रोच्या पत्र्यांमागे रस्ता कधी डावीकडे सरकलेला असतो, कधी उजवीकडे. वेळेसाठी कुणी गाडी काढत नाही. चार काचा वर केल्या की आपल्या मालकीची एक बंद खोली मिळते, तिच्यात आपल्या पसंतीचं गाणं लावता येतं आणि पुढचा डंपर हलेपर्यंत ख्याल विलंबितातून द्रुतापर्यंत जातो. या खोलीसाठी माणूस हप्ते भरतो. तिच्यात कुणी तरी सतत गुणगुणत बसलं, तर सगळा व्यवहारच आतबट्ट्याचा होतो.

पहिला संशय अर्थातच मोबाइलवर. ज्यांनी जुने फोन वापरले आहेत त्यांना ती टिकटिक-टिडिकटिक आठवत असेल. टीव्ही, टेपरेकॉर्डर, सभागृहातला माइक, कुणालाही ती सोडायची नाही, आणि फोन वाजायच्या क्षणभर आधी यायची. टूजीचा फोन सलग बोलत नसे; सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक तुटक लहरी फेकायचा आणि जवळच्या कुठल्याही अँपची तार त्या झटक्यांचा आवाज करून टाकायची. देशात १९९५ ला मोबाइल आला तेव्हापासून फोरजी घरोघर पोचेपर्यंत हे भविष्य सांगणं चालू होतं. आजच्या कॉलेजच्या मुलांनी ते ऐकलेलंच नाही. माझा फोन नवा, आणि तो घरी ठेवून गेलो तरी गुणगुण सोबत आली. चार्जर काढून पाहिला. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारे स्वस्तातले चार्जर फार वात्रट असतात. फरक नाही.

आमच्या बिल्डिंगमधले रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका दुसरा सिद्धान्त घेऊन आले. त्यांच्या मते दोष वरच्या तारांचा. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर आली, ते काम २०१५ मध्ये सीएसएमटीपर्यंत पुरं झालं, आणि तेव्हापासून काकांना रुळांलगतच्या प्रत्येक बिघाडाचं मूळ सापडलं आहे. विजेबद्दल बोलायचं तर हा परिसर तसा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं चोळा पॉवर हाऊस होतं. कल्याण-शिळ रस्त्यावर एका नाक्याचं नावच टाटा पॉवर. पडघ्याला ४०० केव्हीचं उपकेंद्र. पाऊस पडून गेला की मनोऱ्यांखाली उभं राहून तारांची चरचर ऐकू येते. जुन्या गाड्यांत मीडियम वेव्हवर विविध भारती लावलेली असली की अशा तारांखालून जाताना गाणं घुर्रर्रमध्ये बुडून जायचं, हेही खरं. मीडियम वेव्हमध्ये गाणं लहरीच्या उंचीत लिहिलेलं असतं आणि तारांवरच्या ठिणग्या त्या उंचीतच ढवळाढवळ करतात. आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये एफएमची पेटंटं घेतली ती याच कटकटीपायी. पण माझी गुणगुण रुळांपासून आणि मनोऱ्यांपासून लांब, मुंब्रा बायपासवर पारसिकच्या डोंगराच्या कुशीतही तशीच होती. शिवाय रेडिओ बंद असतानाही ती यायची. काकांना हे पटलं नाही. त्यांनी हार्बरच्या तारांकडे बोट दाखवलं.

मग दुकानं. ठाण्यात एका ॲक्सेसरीजवाल्याने दार ठोकून पाहिलं, एका ओळीत निदान केलं, "कोन फाटलाय", आणि स्पीकर बदलला. फाटलेल्या कोनाचा आवाज वेगळा असतो; तो गाण्याबरोबर येतो आणि गाण्याबरोबर जातो. कोन बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबून सोडला की आतली कॉइल घासत असेल तर खरखर हाताला लागते. हे करायला दार उघडल्यावर मिनिटभर लागतं. ते न करता स्पीकर बदलायला अर्धा तास लागतो, पण त्या अर्ध्या तासाचं बिल होतं.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला दुसऱ्याने डोअर पॅडच उतरवलं आणि तिथे मात्र खरोखर एक घोटाळा निघाला. दाराच्या पत्र्याला आतून एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. काचेवरचं पाणी रबरी पट्टीतून दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते आतल्या बाजूला, स्पीकरवर आणि पॅडवर येऊ नये म्हणून हा कागद. कधीकाळी काचेची मोटर दुरुस्त करताना कुणीतरी तो टराटरा फाडला होता आणि परत लावायच्या भानगडीत पडला नव्हता. आपल्याकडे चार महिने पाऊस. दारात किती पाणी जात असेल याचा हिशोब त्या माणसाने केला नाही, कारण ते पाणी त्याच्या दारात जाणार नव्हतं. चार क्लिपाही तुटलेल्या. नवा कागद, नव्या क्लिपा झाल्या, खर्जातल्या सुरांना पॅड थरथरायचं ते थांबलं. गुणगुण होती तिथेच.

नंतरच्या दुकानदाराने तर फार विचारही केला नाही. "फिल्टर टाकून देतो, मरेपर्यंत आवाज येणार नाही." कुणाच्या मरणापर्यंत, ते त्याने सांगितलं नाही. फिल्टर म्हणजे हातात मावणारी डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. संगीत चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, तारेला तार भिडत नाही, आणि भलत्या वाटेने आलेली वीज अडते. वस्तू खोटी नाही. नाटकाच्या ध्वनियोजनेत, रेकॉर्डिंगच्या खोलीत तिचा रास्त उपयोग होतो. मी ती तेव्हा घेतली नाही, कारण दुकानात डबी शिल्लक नव्हती.

गुंता सुटला तो ताईमुळे. माझी बहीण गाणं शिकवते. तिला कल्याणहून ठाण्याला एका बैठकीला सोडायला निघालो होतो आणि गळा गरम करायला तिने फोनवरचा तानपुरा गाडीच्या स्पीकरवर लावला. आता तानपुरा हे असं वाद्य, की ज्याच्यात झणझण नसेल तर कलाकार ते उचलून बाजूला ठेवेल. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून तिला अगदी मंद उतार देतात, वादक तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि तार घोडीला पुरती टेकतही नाही, पुरती सुटतही नाही, अशा जागी येते. तिथे जवारी लागते. तार थरथरताना घोडीला घासत पुढेमागे होते आणि तिच्यातून वरचे वरचे स्वर फुटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तानपुऱ्यावर निबंध लिहिला. तारेचा जो बिंदू छेडतो, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू पडतो ते ऐकू येऊ नयेत, असं युरोपातलं शास्त्र तेव्हा सांगत होतं. तानपुऱ्यात ते खुशाल ऐकू येत होते, तेही ठणठणीत. रामन यांनी त्याचं श्रेय घोडीच्या उताराला दिलं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; मुद्दाम खरखर पैदा करण्याच्या कौशल्याला सरकारी शिक्का मिळण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

तर मला वाटलं, आज तरी गुणगुण तानपुऱ्यात मिसळून जाईल. ताईने पत्रीपूल यायच्या आतच तानपुरा बंद केला.

"हे काय वाजतंय?"

"स्पीकर खराब आहे."

"स्पीकर कुठला? सुरात आहे की. सिग्नलला पांढरी पाचच्या किंचित वर होता. तू निघालास तसा चढायला लागला."

मी गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये पाय दिला. ती हाताने पट्टी दाखवत गेली: पाच, काळी चार, सहा, सात, आणि काटा सोळाशेवर गेला तेव्हा म्हणाली, "हा बघ, वरचा षड्ज. बरोबर एक सप्तक." उभ्या गाडीत काटा आठशेच्या आसपास होता. आठशेचे सोळाशे झाले आणि सूर सप्तकभर वर गेला. इतक्या माणसांनी ते दार ठोकून पाहिलं होतं, पण सूर कुठला लागलाय हे एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकायला गाण्याची विशारद लागत नाही. आवाज इंजिनाबरोबर चढतो का, एवढंच ऐकायचं होतं.

इंजिनाबरोबर चढणारा आवाज स्पीकरचा नसतो. तो अल्टरनेटरचा असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं हे यंत्र बॅटरी भरतं. त्याची पुली लहान, म्हणून ते इंजिनाच्या साधारण अडीच पट फिरतं. आठशेला दोन हजार. आत सहसा चुंबकाच्या सहा जोड्या, म्हणजे प्रत्येक फेरीला वीज सहा वेळा उलटसुलट होते. मिनिटाला दोन हजार फेऱ्या, सेकंदाला तेहेतीस, गुणिले सहा: सेकंदाला दोनशे. पांढरी पाच १९६ ला असते. ताईचा कान चार-पाच आंदोलनांनीसुद्धा चुकला नव्हता.

पण यात आणखी एक मेख होती. बॅटरीला उलटसुलट वीज चालत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीत सहा डायोड बसवलेले असतात. ते तिन्ही फेजची वीज एका दिशेने वळवतात आणि प्रत्येक आवर्तनाला सहा छोटे उंचवटे तयार होतात. म्हणजे निरोगी अल्टरनेटर गुणगुणलाच तर बाराशेवर, बारीक शिट्टीसारखा गुणगुणायला हवा. माझा दोनशेवर, जाड घुमत होता. सहाची लय मोडून एकाची झाली होती.

हे गणित मी नंतर मांडलं. कल्याणच्या दुधनाक्याजवळच्या चाचांनी ते न मांडताच ओळखलं. चाचा वायरमन. त्यांच्याकडे फलक नाही, लॅपटॉप नाही. अल्टरनेटरला ते अजून डायनामोच म्हणतात. माझी कहाणी त्यांनी दोन वाक्यांत तोडली.

"साहेब, इंजिन बंद ठेवून गाणं लावलं तर येतो?"

"नाही."

"आवाज शून्य केला तर जातो?"

"नाही जात."

"बसा आत. रेस द्या. आता हेडलाइट लावा. एसी लावा."

हेडलाइट लावल्याबरोबर गुणगुण फुगली. चाचांनी मान हलवली आणि सीटखाली हात घातला. तिथे आधीच्या कुणीतरी बसवलेला अँप होता. त्याची अर्थ वायर सीटच्या बोल्टला बांधली होती, रंगाच्या थरावर. डेकची अर्थ दुसरीकडे, डॅशबोर्डमागे. गाडीत उलट तार वेगळी नसते, सगळा पत्राच उलट तार. पण दोन ठिकाणी बांधलेली अर्थ, त्यात एका बोल्टखाली रंग आणि गंज, म्हटल्यावर दोन्ही टोकांची पातळी एक राहत नाही, आणि फरकाची वीज डेकपासून अँपकडे जाणाऱ्या पिनच्या वायरीच्या आवरणातून वाहू लागते. तिच्यावर बसून अल्टरनेटरची लय स्पीकरपर्यंत येते.

"कार्बन आलाय," चाचा म्हणाले. काचपेपरने त्यांनी पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वायरीला नवा लग मारला, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. इंजिन चालू. शांतता. मी खिशात हात घातला.

"थांबा, अजून झालेलं नाही."

मीटर एसीवर लावून त्यांनी तो बॅटरीच्या दोन टोकांना धरला. बॅटरीवर ही उलटसुलट वीज जवळपास नसावीच लागते. अर्ध्या व्होल्टच्या बरंच खाली. आकडा त्याच्या वर होता. मग लांब डिसमिसचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. बेअरिंग चांगलं होतं. "डायोड प्लेट गेलीय. अर्थ केली म्हणून तुम्हाला ऐकू येणार नाही, एवढंच."

चोर वेगळा आणि उघडं राहिलेलं दार वेगळं. दार लावून घेतलं म्हणजे चोर पकडला असं होत नाही. एक डायोड गेला तरी अल्टरनेटर चार्जिंग करत राहतो, थोडं कमी. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही बहुधा लागत नाही. उरलेल्या पाचांवर भार येतो. मग पावसाळ्यात रात्री वायपर, हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर असं सगळं एकदम लागलं की बॅटरी भरण्यापेक्षा जास्त रिकामी होते. हे ज्या ठिकाणी होतं ते ठिकाण सहसा मुंब्रा बायपास असतं.

म्हणून त्या डबीबद्दल माझं मत पुढे फार वाईट झालं. ती दुकानात शिल्लक असती तर त्याच दिवशी गाडी गप्प झाली असती, माझं समाधान झालं असतं, आणि डायोड आतल्या आत मरत राहिला असता. अख्ख्या गाडीत अल्टरनेटरची बातमी देणारा एकच भाग होता, तो म्हणजे सगळ्यांनी मिळून फाटका ठरवलेला स्पीकर. मोठाल्या दुकानांना हे कळत नाही असं नाही. त्यांच्याकडे मीटर आहेत, स्कॅनर आहेत. पण त्यांचा धंदा सुटा भाग विकण्याचा आहे आणि प्रश्न विचारण्याचे पैसे बिलात लिहिता येत नाहीत. चाचांनी डायोड प्लेटची किंमत वेगळी सांगितली आणि मजुरी वेगळी. मजुरी स्पीकर बसवण्याच्या मजुरीपेक्षा कमी होती. ही माणसं अशाच भावात काम करत राहिली, तर त्यांची मुलं मोबाइलची कव्हरं विकायला बसतील आणि तसं झालं तर त्यांना दोष देता येणार नाही. तेव्हा असा वायरमन सापडला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

आणि त्याच्याकडे जाण्याआधी घरीच एवढं पाहून जा: इंजिन बंद असताना आवाज येतो का, आवाजाचं बटण शून्यावर नेल्यावर उरतो का, रेस दिल्यावर चढतो का, फोन-चार्जर काढल्यावर जातो का. चारांची उत्तरं घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला चांगला कारागीर लगेच स्टूल देतो.

जुना स्पीकर मी परत दारात बसवून घेतला. कोन धडधाकट आहे. ठाण्यात घेतलेला नवा स्पीकर खोक्यात पडून आहे. डोंबिवली पूर्वेला कुणाला हवा असेल तर घेऊन जावा.